कोरफडीच्या जेलची मुदत

टेंभुर्णीच्या स्टँडवर बस लागली होती. अब्बा माझी बॅग वर चढवत होते, तेवढ्यात शेजारच्या मथुराकाकूंनी विचारलंच, "कोरफड तर बांधावर उगून राह्यली. तिचं जेल करायला पुण्याला कशाला जावं लागतंय?" मी तोंड उघडेपर्यंत बस सुटली. नाझनीन, तू खाली उभी राहून हसत होतीस. तेव्हा तू लग्न होऊन शहागडला गेली नव्हतीस.

काकूंना काय सांगणार? कंपनीच्या लॅबमध्ये घट्ट, काचेसारखं जेल तयार करायचं, त्यात कोरफडीचा रस घातला की डोळ्यांदेखत त्याचं पाणी. रसातले क्षार जेलचा घट्टपणा मोडतात. तो मोडू नये म्हणून घट्ट करणारा पदार्थ बदलला, तर गुठळ्या. गुठळ्या गेल्या, तर चाचणीच्या गरम कपाटात ठेवलेले नमुने तपकिरी. रडकुंडीला आले होते मी.

शेवटी एकदाचं जमलं, तर साहेब म्हणाले, "प्रिझर्व्हेटिव्ह काढून टाका. लोकांना नैसर्गिक हवंय."

"सर, बुरशीसुद्धा नैसर्गिकच असते," मी म्हणाले.

झालं, काम माझ्याकडून काढून घेतलं. प्रिझर्व्हेटिव्हशिवाय केलेल्या जेलवर काळे ठिपके धरले, तेव्हा ते मुकाट्यानं परत माझ्या टेबलावर आलं. आणि त्याच दिवशी अम्मीचा फोन, "उसमें केमिकल तो नहीं डालते ना?" भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं!

जेल बाजारात आलं. पहिल्या ट्यूबा मी घरी पाठवल्या. दर फोनला विचारायचे, "लगाया क्या?" अम्मी म्हणायची, "हाँ, हाँ."

या ईदला गेले आणि कपाट उघडलं. सगळ्या ट्यूबा सीलबंद, अत्तराच्या बाटलीशेजारी ओळीनं उभ्या. मुदत केव्हाच उलटलेली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या आणि परत ठेवायच्या, एवढाच त्यांचा उपयोग. माझा पारा चढला. ज्या जेलसाठी साहेबांशी भांडले, ते घरात कोणी बोटालासुद्धा लावलं नव्हतं. मी सगळ्या गोळा करून फेकायला निघाले.

अम्मीनं त्या माझ्या हातातून काढून घेतल्या. "एक पुणे में, एक शहागड में. तुम दोनों बहनें तो इधर नहीं. ये तो रहने दे."

ट्यूबा तिनंच परत लावल्या.

पुण्यात आता माझं बस्तान बसलंय, तिथलं पाणीही मानवलंय. पण घर म्हटलं की ते कपाट दिसतं आणि चिडचिड होते. अब्बा सांगतात, अम्मी रोज त्या ट्यूबांवरची धूळ पुसते.