समेटमावशी आणि दुसरी मेणबत्ती

भांडणं मिटवणं हा काही धंदा नव्हे, पण तो धंदा असता तर समेटमावशीने एव्हाना दुमजली घर बांधलं असतं. लॉन्ड्रीत तिला या नावाशिवाय कुणी ओळखत नसे. आईबापांचे आवाज चढले की भांडी उडायची अशा घरात ती सगळ्यांत धाकटी म्हणून वाढली. दोघांच्या मध्ये उभं राहायचं, एकाच्या हातात पाण्याचा पेला द्यायचा, दुसऱ्याची पाठ थोपटायची आणि दोघांनाही आपलंच खरं असं वाटू द्यायचं, हे ती बोलायला लागल्यापासून करत आली होती. लग्नानंतर सासू आणि नणंदेचं मिटवलं, मग शेजारणींचं, आणि हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या या लॉन्ड्रीत लागल्यावर तर तिला उसंतच राहिली नाही. तिचा नवरा शाळेत शिपाई होता. तो म्हणायचा, "आमच्या घरी मांजर आणि उंदीर एका ताटात जेवतात. दोघंही उपाशी राहतात, पण आवाज म्हणून नाही." यावर सगळ्यांत जास्त मावशीच हसायची.

त्यामुळे यंदाच्या आगमनकाळात फादरनी तिला दुसरी मेणबत्ती लावायला सांगितली, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. नाताळच्या आधीच्या चार रविवारी वेदीपाशी हिरव्या पानांच्या कड्यात एकेक मेणबत्ती लागते, आणि त्यांतली दुसरी शांतीची. "तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे?" फादर म्हणाले. मावशी सुखावली. तिने कपाटातले ठेवणीतले कपडे काढून उन्हात टाकले.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात डावरीचा हात रोलरमध्ये गेला.

डावरी ओल्या चादरी इस्त्रीच्या तापलेल्या रोलरला लावायची. सगळं डाव्या हाताने करायची म्हणून डावरी. रोलरच्या तोंडाशी एक आडवी पट्टी असते. तिला बोट लागलं की यंत्र जागच्या जागी थांबतं. पण पट्टीला बोट कळतं तशी चादरीची जाड शिवणही कळते, आणि तेवढ्यानेही यंत्र थांबायचं. थांबलं की चादरीवर पिवळा डाग. मग पलीकडे घड्या घालणाऱ्या बायका चादर लावणाऱ्या बायकांच्या नावाने बोटं मोडायच्या आणि लावणाऱ्या त्यांच्या. उन्हाळ्यात हे इतकं पेटलं की दोन्हीकडच्या बायका एकत्र डबा खाईनात. शेवटी मावशीने तोडगा काढला. एका फाटक्या चादरीची चिंधी घेऊन तिने ती पट्टी वर बांधून टाकली. यंत्र थांबेना, डाग पडेनात, डबे पुन्हा एकत्र उघडू लागले. मालक रोज तिथून जायचे. चिंधी त्यांना दिसायची आणि काम भराभर उरकतंय हेही दिसायचं. "मावशी, तुम्ही आहात म्हणून ही लॉन्ड्री चालते," असं ते चारचौघांत म्हणाले होते.

डावरीचा हात आत गेला तेव्हा यंत्राला ते कळलंच नाही. कुणीतरी धावत जाऊन भिंतीवरचं बटण बंद करेपर्यंत पंजा मनगटापर्यंत भाजून निघाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीवरची चिंधी नाहीशी झाली होती. ती कुणी काढली, हे कुणी विचारलं नाही. मावशीनेही नाही.

मालकांनी तिला खोलीत बोलावून खुर्ची दिली. "सोमवारी तपासणीचे साहेब येतील," ते म्हणाले. "डावरीने एवढंच सांगायचं की घाईत माझा हात चुकला. दवाखान्याचं सगळं माझ्याकडे लागलं. बरी झाली की बसून करायचं काम देतो. उगाच पट्टीचं निघालं तर यंत्राला कुलूप लागेल आणि तुम्ही सगळ्या घरी बसाल. मला कुणाचं वाईट करायचं नाही, मावशी. तुम्ही तिला समजवा. ते तुम्हालाच जमतं."

मावशीला यातलं एकेक वाक्य पटत होतं. मालक खरंच काही राक्षस नव्हते. बायकांची घरं खरंच या कामावर चालत होती. डावरीचा हात घाईतच गेला होता. मग यात आपल्याला खुपतंय काय, ते तिला कळेना.

डावरी आपल्या घरी, वरच्या मजल्यावरच्या खोलीत पलंगावर बसून एकट्या उजव्या हाताने स्वेटरचं बटण लावायची खटपट करत होती. डावा हात बँडेजमध्ये छातीशी धरलेला. मावशीने तिची बटणं लावता लावता मालकांचा निरोप सांगितला. काय काय समजवायचं याची तिने वाटेत तयारी केली होती. तिची गरजच पडली नाही.

"बरं," डावरी म्हणाली.

"बरं म्हणजे? तुला पटलं ना?"

"तुम्ही म्हणताय ना, मावशी. मग बरं."

आयुष्यात इतक्या झटपट मिटलेलं हे पहिलंच प्रकरण. घरी परतताना मात्र आपण मागे काहीतरी विसरून आलो असं तिला सारखं वाटत होतं. तिने दोनदा पिशवी तपासली. किल्ल्या होत्या, छत्री होती, चष्माही होता.

शनिवारी चर्चमध्ये मेणबत्तीची तालीम झाली तेव्हा तिने फादरना धीर करून विचारलं, "फादर, दोन्ही बाजूंनी मान्य केलेला समेट कधी वाईट असतो का हो?"

"छे छे," कड्यातली पानं सारखी करत फादर म्हणाले. "तो तर आशीर्वाद."

मावशीला हायसं वाटलं. ते चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंतच टिकलं. आपण फादरना चिंधीचं सांगितलंच नाही, हे शेवटच्या पायरीवर तिच्या लक्षात आलं. परत वर जावं असं वाटलं, जाऊ नये असंही वाटलं, आणि ती बराच वेळ तिथेच उभी राहिली.

रविवारी तिने मेणबत्ती लावली. वात पेटली तरी काडी न विझवता ती ज्योतीकडेच बघत राहिली. लोकांना वाटलं, बाई भारावली. मग फादर बोलायला उभे राहिले. "आपण ज्याची वाट बघतोय तो न्याय घेऊन येणार आहे," ते म्हणाले. "एकाला गप्प बसवून बाकीच्यांना जी गाढ झोप लागते, तिला शांती म्हणू नका. ज्याचं नुकसान झालं त्याला आधी विचारा. हा काळ नुसता वाट बघायचा नाही, आपलं घर नीट करायचा आहे."

मावशी गोंधळून गेली. कालचे फादर खरे की आजचे? हे जर खरं असेल, तर आईबापांच्या मध्ये उभी राहिल्यापासून आजवर आपण काय करत आलो? आणि नसेल, तर हे आपल्याला एवढं का झोंबतंय? तिला फादरांचा राग आला, मग स्वतःचा आला, मग कुणाचाच येईना. समोर तिचीच मेणबत्ती जळत होती आणि ती मेणबत्ती लावायचा हक्क आपल्याला होता की नाही, हेही तिला सांगता आलं नसतं.

"एकमेकांना शांती द्या," फादर म्हणाले. माणसं वळून हात मिळवू लागली. मावशी मागे वळली तर बाकावर डावरी. तिने सवयीने डावा हात हलवला, मग उजवा पुढे केला. मावशीने तो धरला आणि सोडलाच नाही.

"ती पट्टी मी बांधली होती गं," ती हळूच म्हणाली.

"माहीत आहे. चिंधी मीच तर फाडून दिली होती."

"मग परवा काही बोलली का नाहीस?"

डावरीने बँडेजचा हात छातीशी सारखा केला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "तुम्ही मिटवायला आला होतात, मावशी. तुम्ही मिटवायला आलात की आमच्यासारख्यांना बोलायला जागा कुठे उरते?"

गाणं सुरू झालं आणि दोघींना पुढे बघावं लागलं.

सोमवारी मालकांच्या खोलीत तपासणीचे साहेब बसले होते. यंत्रं बंद होती. मावशी आणि डावरीला आत बोलावलं होतं, बाकीच्या बायका दाराबाहेर घोळका करून उभ्या होत्या. "या मावशी," मालक हसून साहेबांना म्हणाले, "यांना सगळं माहीत आहे. यांनीच समजूत घातलीय तिची." साहेबांनी डावरीला विचारलं, "हात आत कसा गेला?"

डावरीने आधी मावशीकडे पाहिलं. कुठलाही सवाल आला की या लॉन्ड्रीत सगळ्याच जणी आधी मावशीकडे बघत. मालकही तिच्याकडेच बघत होते. काय करायचं ते मावशीला अजूनही कळलेलं नव्हतं. यंत्राला कुलूप लागलं तर बाहेरच्या बायका आपल्याला जन्मभर शिव्या घालतील एवढं तिला कळत होतं, आणि त्यांचं चुकेल असंही तिला वाटत नव्हतं.

"माझ्याकडे बघू नकोस," ती म्हणाली. "हात तुझा आहे. तूच सांग."

डावरीने साहेबांकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "पट्टी वर बांधलेली होती. मावशींनी बांधली होती."

डावरी थांबली नाही. चिंधी आपणच दिली हे तिने सांगितलं, ती सगळ्याजणींना हवी होती हेही सांगितलं. मालक रोज ती बघत जायचे, आणि हात भाजला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती दिसेनाशी झाली. आपल्याला काय हवंय, हे तेव्हापासून एकाही माणसाने विचारलेलं नाही. बाहेर कुजबूज वाढली. कुणीतरी मावशीचं नाव घेऊन काहीतरी वाईट बोललं.

"अहो, हे सगळं मिटलं होतं," मालक म्हणाले, आणि त्यांनी मावशीकडे बघितलं. सगळ्यांना थोडं थोडं पटेल असं एक गोड वाक्य तिच्या जिभेवर तयारच होतं. तिला भयंकर भीती वाटत होती. आपण बरोबर करतोय की सगळ्यांचा घात, याचा तिला पत्ता नव्हता. पण डावरीचा आवाज एकदाही कापला नव्हता, हे तिने ऐकलं होतं.

"थांबा, मालक," मावशी म्हणाली. "तिचं अजून सांगून झालेलं नाही."