पहिला चिमटा

त्या सोमवारी साडेदहा वाजून गेले तरी रेखाताई ऑफिसात आल्या नाहीत, तेव्हा मी चिडलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण दीड महिना झाला तरी मला पहिलं तेच आठवतं. शनिवारी संध्याकाळी त्या धुळ्याला, देवपूरच्या घरी जायच्या आणि सोमवारी सकाळच्या एसटीने जळगावला परत. नऊ वर्षांत ती बस त्यांनी चुकवल्याचं मला आठवत नाही. ‘नेमका आजच उशीर! दुपारी क्लायंट येतोय आणि बाईंचा पत्ता नाही,’ असं मी चारचौघांत मोठ्यानं बोललोसुद्धा. तेवढ्यात त्यांच्या मुलीचा, ऋजूचा फोन आला. “मामा... आई गेली.” बसला निघता निघता छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी फोन टेबलावर ठेवला आणि समोरच्या दोरीकडे बघत बसलो.

ही दोरी म्हणजे कपडे वाळत घालायची साधी नायलॉनची दोरी. पिंप्राळ्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताईंनीच ती बांधली होती. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात गिऱ्हाईक आपल्याला काय काय हवं ते लिहून देतं, त्याला आम्ही ‘स्पेक’ म्हणतो. मी चार पानं वाचली की ‘समजलं, करून टाकू’ म्हणणारा माणूस. ताई अख्खी चाळीस पानं तीनदा वाचायच्या, मग जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे भाग कात्रीनं कापून त्यांच्या चिठ्ठ्या करायच्या. एका चिठ्ठीवर एकच काम, तेही असं की एका माणसाकडून एका दिवसात उरकेल. आणि प्रत्येक चिठ्ठीच्या खालच्या कोपऱ्यात दोन शब्द : ‘आधी काय?’ म्हणजे हे काम हातात घ्यायच्या आधी दुसरं कुठलं व्हायला हवं, ते तिथे लिहायचं. त्या क्रमानं चिठ्ठ्या चिमट्यांनी दोरीवर लागायच्या. क्रम बदलायचा तर ताईंना विचारून, हा त्यांचा एकमेव नियम.

तो नियम मी पहिल्याच मोठ्या कामात मोडला. केळी पिकवायच्या चेंबरवाल्यांचं काम होतं. मालकाला लवकर काहीतरी दाखवावं म्हणून मी ताईंच्या मागे पोरांना माल बाहेर जाण्याचे रिपोर्ट आधी करायला लावले, दिसायला एकदम झकास. ताई ऑफिसात एरवी पुस्तकी मराठी बोलायच्या, पण रागावल्या की थेट गावाकडच्या बोलीत. “भाऊ, माल अजून मझार उना नही, नि तू बाहेर काढी ऱ्हायना!” माल आत आल्याची नोंदच नव्हती, तर बाहेर काय जाणार होतं, कप्पाळ? ते सगळे रिपोर्ट फेकून द्यावे लागले. पोरं हिरमुसली, मी तोंड लपवत फिरलो. ताईंनी मात्र स्वतःच्या पैशानं सगळ्यांना शेव-भाजी खाऊ घातली आणि म्हणाल्या, “बठ्ठं व्हई, पन येक येक करीसन.” सगळं होईल, पण एक एक करून. हे वाक्य मी नंतर क्लायंटसमोर स्वतःचं म्हणून कितीदा वापरलं असेल, देव जाणे.

स्वतःची कामंही त्या त्याच दोरीवर लावायच्या. ‘गॅसचा नंबर लावणे’, ‘जामनेरला आत्याकडे जाणे’. आम्ही थट्टा करायचो की ताई, तुम्ही देवाकडे जाल तर तिथंही चिठ्ठी लावून जाल. त्या हसायच्या... आता ती थट्टा आठवली की जीभ झडावी असं वाटतं.

मरणाच्या दोन महिने आधीची गोष्ट. एका जिनिंगवाल्याचं काम संपवायचं होतं, कापसाचा हंगाम तोंडावर आला होता आणि मालक रोज फोनवर तोफ डागत होता. त्या सकाळी दोरीच्या पहिल्याच चिमट्याला एक नवी चिठ्ठी दिसली : ‘दवाखाना, छातीची तपासणी’. दोनच जिने चढताना ताई मध्ये थांबतात, हे मी पाहिलं होतं. नाही पाहिलं असं म्हणणार नाही. पण कानाला फोन, डोकं तापलेलं... मी ती चिठ्ठी काढली आणि त्यांच्यादेखत शेवटच्या चाचणीच्या चिठ्ठीमागे लावली. “ताई, एवढं सुटू द्या, मग निवांत जा.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “चिमटा नीट लाव भाऊ, पडेल ती,” एवढंच म्हणाल्या. शुद्ध मराठीत. त्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या बोलीत चांगलं झापायला हवं होतं! नंतर जिनिंगवाल्याच्या नवनव्या मागण्या निघाल्या, दोरीवर चिठ्ठ्या वाढल्या आणि ती चिठ्ठी मागे मागे सरकत राहिली.

लवकर तपासलं असतं तर वाचल्या असत्या का, हे मी धुळ्यात डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मला वाटलं होतं, या उत्तरानं थोडं हलकं वाटेल. नाही वाटलं.

पंधरा दिवसांपूर्वी ऋजू आईचं सामान न्यायला आली. पाण्याची बाटली, शाल, कात्री. मग ती दोरीजवळ गेली आणि शेवटची चिठ्ठी हातात घेऊन वाचू लागली. आईच्या हाताखाली वाढलेली पोर, तिची नजर आधी कोपऱ्यातच गेली. “आधी काय? काही नाही.” ती माझ्याकडे वळली. “मामा, हिच्या आधी काहीच नव्हतं. मग ही शेवटी कशी?”

खोटं बोलणं सोपं होतं. माझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं? पण मी म्हटलं, “मी हलवली, बेटा. कोपरा वाचूनसुद्धा हलवली.”

“आईनं सांगितलं होतं मला,” ती म्हणाली. “मी भांडले तिच्याशी, तूच परत पुढे लाव म्हणून. तर म्हणे, भाऊ फार घाईत शे.”

म्हणजे तिला माहीत होतं, आणि तरी तिनं मला विचारलं. मला रडू आवरेना. तिनं माझी समजूत घातली नाही, आणि ते बरंच केलं. चिठ्ठी तिनं घरी नेली नाही. दोरीच्या पहिल्या टोकाला ती लावली, चिमटा ओढून पाहिला, शाल खांद्यावर टाकली आणि जिना उतरून गेली.

परवा नव्या कामाच्या चिठ्ठ्या कापल्या. कात्री नवी आणावी लागली. आता आमची दोरी दुसऱ्या चिमट्यापासून सुरू होते.