धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलता येत नाही: कामरगाव ते शिरपूर, बोलक्या गाडीतून

शिरपूर जैनला उन्हाळ्यात जायचं असेल तर उजाडायच्या आत घर सोडा. आम्हीही तसंच ठरवलं होतं. पण निघालो ऊन अंगणात आल्यावर, कारण आमच्या जावयाला गाडी सुरू करायच्या आधी गाडीला फोन जोडायचा होता. मी म्हटलं, बैल जोडायला एवढा वेळ लागत नाही. मनातच म्हटलं. तोंडाने बोलायची मला त्या दिवशी बंदी होती.

बंदी का, ते सांगते. जावई धोंड्याला आले होते. तीन वर्षांतून एकदा हा महिना येतो, त्यात जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, ओवाळायचं, विष्णू समजून मान द्यायचा. आमची पूजा लग्नानंतर पहिल्यांदाच या महिन्यात माहेरी आलेली, वर तिला चौथा महिना लागलेला. "आई, घरात बसून जीव आंबून गेला, याइले शिरपूरचं मंदिर दाखवू ना," म्हणाली. जावयाची गाडी नवीकोरी. लगेच ठरलं.

निघताना आमच्या ह्यांनी मला गोठ्याकडे बोलावलं. "पाय, तुह्यं तोंड मले मालूम हाय. आजच्या दिवस जवाईबुवाले वाकडं बोलू नोको."

"मी कायले बोलू?"

"तू सरपंचाले बोल्ली होती."

"सरपंचानं नाली खोदून तशीच सोडली होती."

"तेच म्हन्तो. आज नाली दिसली तरी बोलू नोको."

बरं, म्हटलं.

आता गाडी. स्टेअरिंगच्या बाजूला जेवायच्या पाटाएवढा पडदा. फोनमधलं सगळं त्या पडद्यावर येतं: नकाशा, गाणी, कोणाचा फोन आला, कोणी काय पाठवलं. गाडी बायकी आवाजात बोलतेसुद्धा. गंमत वाटली मला, खोटं कशाला बोलू. पण थंड हवा कमी करायला साधं बटण नाही. तेही पडद्यावर बोटाने शोधायचं. आमच्या ट्रॅक्टरचा दांडा मला अंधारातही हाताला सापडतो. इथं जावई दर वेळी मान वळवून चित्र शोधणार, आणि तेवढा वेळ गाडी आपल्या मनाने चालणार. हे पुढे बसलेले, मी आणि पूजा मागे. मागून मला सगळं दिसत होतं.

कारंजापर्यंत रस्ता चांगला आहे. वावरं वखरून ठेवलेली, पेरणीची वाट बघत. कारंजात स्टँडजवळ आलुबोंडा आणि चहा घेतला. आलुबोंडा गरम असेल तरच घ्या, आणि तर्री मागून घ्या. ती वेगळ्या पैशाची नाही. तिथून पुढचा रस्ता जावयाला माहीत नव्हता, ते अमरावतीचे. पडद्याला म्हणाले, "शिरपूर."

"शिरपूरकडे जाणारा मार्ग सुरू करत आहे," बाई बोलली. काय शुद्ध बोलली!

आणि तिनं गाडी मूर्तिजापूरच्या रस्त्याला लावली. मी एसटीने या भागात जन्म काढलेली, मला लगेच समजलं. शिरपूरला जायचं तर मंगरूळपीरकडे वळायला पाहिजे. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी ओठावर बोट ठेवलं. पूजा डोळे मिटून पडलेली. थोडा दम धरला. माझ्याने जास्त धरवत नाही.

"काय वं बाई," मी पडद्याकडे बघून म्हटलं, "मंगरूयची वाट सोडून मूर्तिजापूरले कायले निऊन राह्यली? तुह्यं माहेर हाय का तिकडं?"

पूजा फसकन हसली. जावई म्हणाले, "मामीजी, ते काई आयकत नाई."

"नाई आयकलं तर नाई. मी तुमाले कुठं बोलून राह्यली? मी तिले बोलून राह्यली."

जावयांनी पडदा नीट बघितला आणि कपाळावर हात मारला. बाईनं धुळ्याकडचं शिरपूर धरलं होतं! "सांजच्याले पोचलो असतो," हे म्हणाले. तेव्हा लिहून ठेवा: नुसतं शिरपूर सांगू नका, शिरपूर जैन सांगा. आणि ते घरूनच सांगून निघा. कारण जावयांनी ती दुरुस्ती चालत्या गाडीतच केली, एक हात स्टेअरिंगवर, एक पडद्यावर, आणि समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याने एवढा मोठा हॉर्न दिला.

"बाई," मी परत म्हटलं, "तुह्याशी बोलाचं असन तर मानूस गाडी कडेले उभी करते. समजलं का?"

जावयांचे कान लाल झाले. हे खिडकीबाहेर बघून हसत होते.

मंगरूळचा रस्ता मला फार आवडतो. नशीब असेल तर काळवीट दिसतं. आम्हाला दिसलं! डांबरीच्या पार कडेला उभं होतं, शिंगं पिळलेली, आणि एका उडीत रस्ता ओलांडून गेलं. पूजा ओरडली, "पाह्यलं का? पाह्यलं का?"

"काय?" जावई म्हणाले. ते गाणं बदलत होते.

एवढं मोठं जनावर समोरून गेलं आणि गाडी चालवणाऱ्यालाच दिसलं नाही. माझी पोटुशी पोर या माणसाच्या भरवशावर मागे बसलेली, आणि मला बोलायची सोय नाही.

मंगरूळपीरला दर्ग्यात गेलो. हे दर वेळी तिथं डोकं टेकवतात. फुलं बाहेर मिळतात, डोक्यावर रुमाल घ्यायला विसरू नका. मी काय मागितलं ते सांगत नाही, पण त्यात स्टेअरिंग होतं.

तिथून शेलूबाजारच्या रस्त्याला लागलो आणि सगळ्या गाडीत घंटी वाजली. पडद्यावर "आई" आलं. म्हणजे आमच्या विहीणबाई. जावयांनी हिरवं दाबलं, आणि चारही दरवाज्यांतून त्यांचा आवाज आला.

"काय रे, अंगठी देली का त्याइनं, का कपड्यावरच भागवलं?"

"आई, मी मंग..."

"अन् सासू काई बोल्ली तर नाई? लय फाटक्या तोंडाची हाय बाप्पा ते! लग्नात पाह्यलं ना मी, आपल्या आचाऱ्याले कशी..."

जावई घाबरे झाले. बंद करायला पडद्यावर बोट मारलं, ते आवाजाच्या चित्रावर पडलं. विहीणबाई आणखी मोठ्याने बोलायला लागल्या. हे पडद्याकडे बघतात, पूजा पडद्याकडे बघते, जावयांचं तर डोकंच त्यात घुसलेलं. मी माझी निंदा नेहमीच ऐकते, मला त्यात नवल नव्हतं, म्हणून मी समोर बघत होती. समोर रस्ताभर बकऱ्या. मध्ये काठी घेतलेली म्हातारी.

"अबे थांब! समोर पाय, गाढवा! थांबव गाडी!"

ब्रेक लागला. पूजा पुढच्या सीटला जाऊन टेकली, दोन्ही हात पोटावर. गाडी तिरपी होऊन उभी राहिली आणि बकऱ्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या, जसं काही झालंच नाही. म्हातारीने बोनेटवर काठी हाणली. "डोये कुठं ठेवले बे? घरी इसरला का?"

आणि वरून विहीणबाई: "कोन वरडलं? हॅलो? कोन हाय तिथं?"

पूजाला विचारलं, दुखते का? "नाई आई." मी तिला पाणी पाजलं. मग ध्यानात आलं. धोंड्याच्या महिन्यात मी जावयाला गाढव म्हटलं होतं, तेही अरेतुरे करून.

"बोल्लीच शेवटी," हे हळूच म्हणाले.

"हो, बोल्ली. इष्णू असन तर असू दे, माही पोरगी मांग बसली हाय."

जावई खाली उतरले. म्हातारीसमोर हात जोडले. म्हातारी म्हणाली, "मले हात नोको जोडू, बायकोकडं पाय." तिने बकऱ्या हाकल्या आणि निघाली. जावई माझ्या दाराशी आले. चेहरा उतरलेला.

"मामीजी, मी दोनच सेकंद पाह्यलं हो."

"दोन सेकंदात बकरी रस्ता पार करते, जवाईबुवा. दोन सेकंदात तुमची बायको काचेवर जाते."

मला वाटलं आता रागावतील, गाडी वळवतील, अमरावतीला सगळ्यांना सांगतील सासूनं काय म्हटलं ते. त्यांनी पडदा काळा केला, फोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तुमी समोर बसा."

बसली, हे मागे गेले. लगेच फोन वाजला. मीच उचलला.

"इहीनबाई, फाटक्या तोंडाची बोलून राह्यली."

पलीकडून, "आयकलं का तुमी?"

"चार दरवाज्यातून आयकलं. अंगठी देली. आचाऱ्यानं भाजीत मीठ दोनदा टाकलं होतं, म्हनून बोल्ली होती. अन् तुमचा पोरगा गाडी चालवत असन तवा फोन नोका करत जाऊ."

"चालवून राह्यला होता?" विहीणबाई एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाल्या. "मले तर म्हन्ते, गाडीतून बिनधास्त बोलता येते! द्या त्याले. मी पायते त्याच्याकडं."

"पोचल्यावर पाहा," मी म्हटलं. तेव्हा जावई पहिल्यांदा हसले.

शेलूबाजारला झुणका-भाकर खाल्ली. ठेचा तिखट आहे, पोटुशी बाई असेल तर दही मागवा. पुढे मालेगाववरून शिरपूर. नकाशा बंद, वाट मी सांगत होती. आणि खरं ते सांगते, मी काही त्या बाईएवढी हुशार निघाली नाही. मालेगावात मी झुणक्याच्या गोष्टीत लागली आणि वळण मागे गेलं. "अवो, त्या निंबापासून वळाचं होतं!"

"कोनत्या निंबापासून?"

"तो गेला ना आता."

"मामीजी," जावई म्हणाले, "ते बाई बरी होती, येळेवर सांगे."

मग माझ्या मागे बसलेल्या पूजाने फोनवर नकाशा लावला. ती वाचायची, जावई फक्त रस्ता बघायचे. हे सगळ्यात बरं. नकाशात वाईट काही नाही, तो चालवणाऱ्याच्या डोळ्यासमोर नको, एवढंच.

शिरपूरचं मंदिर जुनं, दगडाचं, आत एकदम गार. मूर्ती जमिनीला टेकलेली नाही म्हणतात. वाकून बघायची रीत आहे, गर्दी असली तर रांगेत दम धरा. चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवा. जावयांनी पट्टा काढला तर पँट धरून चालावं लागलं, धोंड्यांनी पोट वाढलं तरी पँट ढिलीच. पूजा इतकी हसली की पुजाऱ्याने वळून बघितलं. बाहेर जेवणाची सोय बरी आहे, सरबत मात्र गोड फार.

परत येताना जावई हळू चालवत होते. आमच्या ह्यांनी मागे घोरणं लावलं. भर रस्त्यात पुन्हा बकऱ्या आल्या. जावयांनी लांबूनच गाडी थांबवली आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझ्याकडे नाही, समोर.

दुसऱ्या दिवशी दोघं अमरावतीला निघाले. मी ओवाळलं, पुरणाचा डबा दिला. गाडी गेली आणि माझं चित्त लागेना. भांडी घासली, धान्य निवडलं, फोन उचलला, खाली ठेवला. हे म्हणाले, "एवढा जीव वरखाली होते तर लाव ना फोन."

"नाई. तो चालवून राह्यला असन."

शिरपूरला जाऊन काय मिळालं विचाराल तर दर्शन झालं, भाकर खाल्ली, काळवीट बघितलं. आणि फोन हातात असून तो न करता बसणं किती कठीण असतं, ते त्या दिवशी समजलं. मी तशीच बसून राहिली.

दुपारी फोन आला, जावयाचा. "मामीजी, पोचलो. गाडी लावली, मंग फोन केला."

"पूजाले द्या."

पूजा फोनवर आली ती हसतच. "आई, रस्ताभर माह्याशी बोलत आले हे. अन् सांगू का? माह्याकडं एकदाबी पाह्यलं नाई!"

नवऱ्याची अशी तक्रार एवढी खूश होऊन करणारी पोर मी पहिल्यांदाच ऐकली.