नदीपलीकडचं दुकान

मी वडशाच्या तहसील कचेरीत टंकलेखक होतो. शमीमबाईची ओळख झाली ती माझ्या बायकोमुळे. कांताला बांगड्या तिच्याच हातच्या लागत. दुसऱ्या कोणी भरल्या की मनगटावर ओरखडे यायचे. शमीमबाई बोटं एकत्र दाबून, गप्पा मारता मारता अडीचच्या हातात सव्वादोनची बांगडी चढवायची आणि कांताला कळायचंसुद्धा नाही. डोक्यावर टोपली घेऊन ती आसपासची पन्नासेक गावं फिरायची. कोणत्या घरात कोण बाळंत झाली, कोणाची मुलगी माहेरी आली, हे तिला त्या त्या घरच्यांइतकंच ठाऊक असे.

तिचा नवरा बाबूभाई पडदे रंगवायचा. दिवाळी झाली की आमच्या भागात झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि सगळ्या मंडळ्यांचा कारभार वडशातून चालतो. त्यांना लागणारे राजवाड्याचे, रस्त्याचे, जंगलाचे पडदे बाबूभाईच्या लांब टिनाच्या शेडमध्ये जमिनीवर पसरलेले असायचे. अनवाणी पायांनी पडद्यावर उभा राहून, लांब काठीला ब्रश बांधून तो खांब काढायचा. पट्टी न लावता. मी स्वतः पाहिलंय, वीस फुटांचा खांब आणि रेघ जराही हलली नाही.

तो पीत होताच. पण हंगाम संपल्यावर, चार लोकांत बसून. त्र्याण्णव साली आमच्या गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली तेव्हा शमीमबाईला वाटलं, आता तेही सुटेल. बंदीच्या मागणीच्या कागदावर तिनं उर्दूत सही केली होती.

पण वडशाला लागूनच वैनगंगा आहे. पूल ओलांडला की चंद्रपूर जिल्हा, आणि तिथे बंदी नव्हती. पुलापलीकडच्या गावात गुणवंतराव नावाच्या माणसाचं परवान्याचं दुकान होतं. आधी ते लहानसं होतं. बंदीनंतर त्यानं शेजारची जागा घेतली, बाकडी टाकली, उकडलेली अंडी ठेवायला सुरुवात केली. आमच्या काठावरची माणसं दिवस कलला की सायकली काढून पुलाकडे निघत. बाबूभाई त्यांच्यात जाऊ लागला. घराजवळ मिळत होती तेव्हा तो थोडी पिऊन उठायचा. आता एवढ्या लांब आलोच आहोत म्हणून जास्त प्यायचा.

पाच वर्षांत त्याचा हात गेला. आधी खांब वाकडे येऊ लागले. एका मंडळीनं पडदा परत पाठवला, मग दुसरीनं. शेवटी त्याच्याकडे फक्त जंगलाचे पडदे यायला लागले, कारण झाडाच्या फांदीला वाकडेपणा चालतो.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्याच्या शेवटी शमीमबाई सुकरीच्या गावी गेली. सुकरी गोंड बाई, शेती करून मोहफुलं, डिंक, चारोळी गोळा करणारी. नव्या पिकाच्या सणाआधी ती दरवर्षी हिरव्या बांगड्या भरायची. त्या दिवशी तिनं हात पुढे केले नाहीत. शमीमबाईनं टोपली खाली ठेवली आणि विचारलं. सुकरीचा नवरा चैतू बाजाराच्या दिवशी पलीकडे प्यायला गेला होता. येताना पुलावर आपल्या बाजूचे शिपाई तोंडाचा वास घेत उभे आहेत असं कोणीतरी सांगितलं, म्हणून तो नदीत उतरला. वर्षानुवर्षं पायी ओलांडलेली नदी, पण पाणी अजून ओसरलं नव्हतं. तो दुसऱ्या दिवशी सकाळी दोन कोस खाली सापडला.

शमीमबाई तिच्याजवळ संध्याकाळच्या गाडीपर्यंत बसून राहिली. त्या दिवशी तिनं एकही बांगडी विकली नाही.

त्यानंतर ती कचेऱ्या फिरली. आमच्या ठाण्यात गेली तर सांगण्यात आलं, दुकान आमच्या हद्दीत नाही. पलीकडच्या ठाण्यात गेली तर सांगण्यात आलं, दुकान कायदेशीर आहे. उत्पादन शुल्काच्या माणसानं तिला बसायला खुर्ची दिली, परवान्याची मुदत दाखवली आणि वर जायला सांगितलं. वर म्हणजे कुठे, हे त्यालाही नीट सांगता आलं नाही. माझ्याकडून तिनं तीन अर्ज टंकून नेले. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "भाऊ, मरणारा माणूस या जिल्ह्यातला, दारू त्या जिल्ह्यातली. मंग हे काम कोणाचं?"

मी यंत्रातून अर्ज काढून तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती टोपली घेऊन पूल ओलांडून गेली आणि गुणवंतरावच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, कडुनिंबाखाली बसली. फडकं पसरलं, बांगड्या मांडल्या. दिवस कलला तशी वडशाची माणसं येऊ लागली. तिनं कोणाला अडवलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. फक्त ओळख दाखवली.

"काय जी, धुरपताचा पाय बरा झाला का? घसरून पडली होती म्हणे ते."

"मंगलीच्या लेकीले पाहाले पावणे आले होते म्हणे. जमलं काय?"

ती माणसं तिथेच थबकायची. घरच्या बाईचं नाव दुकानासमोर ऐकायची कोणाला सवय नव्हती. काही मान खाली घालून आत गेली. काहींनी सायकल वळवली. एक जण नुसताच तिच्यासमोर उकिडवा बसला आणि बायकोसाठी बांगड्या घेऊन परत गेला.

चौथ्या दिवशी बाबूभाई आला. शमीमबाई त्याला काय बोलणार याची आजूबाजूची सगळी माणसं वाट पाहत होती. ती म्हणाली, "जेवण झाकून ठेवलं आहे." तो आत गेला, प्यायला, बाहेर आला आणि तिची टोपली उचलून तिच्या मागे चालू लागला. ही गोष्ट मला त्यानंच पुढे सांगितली. म्हणाला, "तिनं मारलं असतं तं बरं झालं असतं."

गुणवंतराव वाईट माणूस नव्हता. तो तिला उन्हात प्यायला पाणी पाठवायचा. आठवड्यानं स्वतः आला. "बाई, माह्याजवळ लायसन आहे. मी काही चोरी करून नाई राह्यलो."

"मी कुठी म्हणते चोरी करता? तुमी दारू विकता, मी बांगड्या विकते."

"गिऱ्हाईक कमी होऊन राह्यलं ना."

"माहं बी होऊन राह्यलं," ती म्हणाली. "ज्याईचे नवरे मेले, त्या आता माह्याकडून बांगड्या नाई भरत."

पुढच्या बाजाराला सुकरी तिच्याजवळ येऊन बसली. समोर डिंकाची पुडकी मांडली. मग आणखी चारपाच जणी येऊ लागल्या. वर्षभर ते कडुनिंबाखालचं दुकान चाललं. सणाला, लग्नसराईला खंड पडायचा, पण त्या परत यायच्या.

दोन हजार सालच्या हिवाळ्यात दिल्लीहून एक समिती चंद्रपूरला आली. दारू, गांजा, झोपेच्या गोळ्या, या सगळ्यांसाठी देशभर मिळून एकच प्राधिकरण असावं का, त्याला कोणते अधिकार द्यावेत, हे ती लोकांना विचारत होती. आमच्या साहेबांनी शमीमबाईचं नाव कळवलं आणि साक्षी लिहून घ्यायला मला पाठवलं. ती, सुकरी आणि बाबूभाई, तिघं माझ्याबरोबर आले. बाबूभाईला तिनं टोपली धरायला म्हणून आणलं होतं, असं ती म्हणाली.

सभागृहात मोठ्या मोठ्या लोकांची भाषणं झाली. कोणी दंड वाढवा म्हणालं, कोणी परवाने बंद करा म्हणालं. शमीमबाईची पाळी दुपारी आली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, मराठी जाणणारे. त्यांनी विचारलं, "बाई, असं खातं झालं तर त्याला काय करता आलं पाहिजे?"

ती उभी राहिली. मग म्हणाली, "साहेब, पयले तं त्याले नदीच्या दोन्ही काठावर जाता आलं पाहिजे. आमचे शिपाई पुलाच्या मधात थांबतेत. दारू थांबत नाई."

अध्यक्षांनी ते लिहून घेतलं. "आणखी?"

"पकडणारे लई आहेत. चैतूले पकडाले बी माणूस उभा होता, म्हणून तो पाण्यात उतरला. पण पेणाऱ्याले निजवून बरं करणारी एक खाट नाई आमच्याकडं. दोन जिल्ह्यांत नाई. खातं कराल तं खाटा ठेवा साहेब. नाई तं नका करू."

अध्यक्षांनी सुकरीला विचारलं, मोहाच्या दारूवरही बंदी हवी का. सुकरी कधी सभेत बोलली नव्हती. ती शमीमबाईकडे बघत बोलली. "देवाले लागते तेवढी आमची आमी पाहू. गावाची गोठ गावात बसून होते. दुकानाचं आमच्या हातात नाई, ते तुमी पाहा."

एका सदस्यानं शमीमबाईला विचारलं, "तुमच्या घरी कोणी पितं का?" त्याला ते लिहून हवं होतं. ती पदर सारखा करत राहिली. तेवढ्यात मागच्या रांगेतून बाबूभाई उठला. टोपली त्यानं खाली ठेवली.

"मी पेतो साहेब. तिचा घरवाला. आज नाई पेलो, म्हणून असं होऊन राह्यलं." त्यानं हात पुढे केला. बोटं थरथरत होती, शेवटच्या रांगेतूनही दिसत होतं. "या हातानं मी राजवाडे काढत होतो. मले सोडाची आहे. चार वेळा सोडली. तिसऱ्या दिवशी असा घाम येते, डोळ्यासमोर कायबी दिसते, मंग मी पुलाकडं पळतो. तवा कोणी धरून ठेवाले पाहिजे."

मी टाइप करायचा थांबलो होतो. अध्यक्षांनी मला खुणावल्यावर पुन्हा सुरू केलं.

समितीबरोबर नागपूरच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. चहाच्या वेळी त्या बाबूभाईजवळ येऊन बसल्या, त्याची नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि चिठ्ठी लिहून दिली. तो नागपूरला एकवीस दिवस राहिला. परत आल्यावर दोन महिने टिकला, मग प्यायला. पुन्हा गेला. दुसऱ्या वेळी सात महिने टिकला. तिसऱ्यांदा, दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात, सुटली ती सुटली. यकृत मात्र कायमचं नाजूक झालं.

समितीच्या अहवालासाठी साक्षींच्या प्रती आमच्याकडून गेल्या. त्यातलं शमीमबाईचं पान मी दोनदा तपासून पाठवलं. पुढे काय झालं ते आमच्यापर्यंत आलं नाही. निदान वडशात तरी ते खातं कोणी पाहिलं नाही. गुणवंतरावनं दुकान रस्त्यापासून आत, गिरणीमागे हलवलं. काही माणसं तिथेही जात राहिली, काही गेली नाहीत.

खाटा मात्र आल्या. पडद्यांच्या शेडमध्ये जागा रिकामीच होती. शमीमबाईनं तिथे दोन खाटा टाकल्या. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी ग्रामीण रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टरला सांगितलं, तो कामावरून सुटल्यावर येऊन औषध देऊन जायचा. ज्याची तब्येत फार बिघडे त्याला नागपूरच्या गाडीत बसवून द्यायचे. बाकीच्यांना पहिले आठ दिवस बाबूभाई धरून बसायचा. सुकरीनं आपल्या गावचे दोघं आणून सोडले, त्यात तिचा भाऊ होता. एक जण भिंतीवरून उडी मारून पळाला आणि चार दिवसांनी आपणच परत आला.

दोन हजार सात साली माझी बदली बल्लारपूरला झाली. निघण्याआधी मी निरोप घ्यायला गेलो. सकाळचे दहा वाजले असतील. शमीमबाई बांगड्या निवडत होती, तिला गाडी गाठायची होती. तिनं कांतासाठी डझनभर हिरव्या बांगड्या कागदात बांधून दिल्या आणि त्या कोणत्या हातात आधी चढवायच्या ते मला समजावून सांगितलं.

शेडमध्ये एक कोळसा खाणीतला कामगार घामानं निथळत पडला होता. त्याचा दुसरा दिवस होता. बाबूभाई त्याच्या उशाशी बसून वाटीतली पेज ढवळत होता.

"किती दिवस लागते, भाऊ?" त्या माणसानं विचारलं.

"मले दोन वर्ष लागले," बाबूभाई म्हणाला. "तुह्यं पाहू. आत्ता हे पे."

त्या माणसाला वाटी धरवेना. बाबूभाईनं ती दोन्ही हातांनी त्याच्या तोंडाशी धरली आणि पेज संपेपर्यंत तशीच धरून ठेवली.