कोणीच हात न लावलेली ओळ

ते प्रकरण माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. त्यात ना चोरी होती ना मारामारी, तरी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मला सगळ्यात जास्त संशय आला तो याच प्रकरणात.

इंदूरला राजवाड्याजवळच्या ठाण्यात मी टीआय, म्हणजे ठाण्याचा प्रमुख होतो. सकाळची हजेरी आटोपली आणि एक मराठी गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलगी बँकेत नोकरीला. एका वधू-वर मंडळामार्फत तिचं लग्न जमलं होतं, साखरपुड्याचा हॉलही ठरला होता, आणि अचानक मुलाकडच्यांनी नकार कळवला. कारण मंडळाच्या यादीत तिच्या नावापुढे 'घटस्फोटित' असं आलं होतं. तिचं लग्न तर कधी झालेलंच नव्हतं.

"साहेब, ही सरळ सरळ बदमाशी आहे," वडील म्हणाले. "माझ्या मुलीची पूरी जिंदगी खराब करायची आहे कोणाला तरी."

मी अर्ज घेतला आणि चौकशी सुरू केली. मंडळाची मुलींची यादी क्लाउडवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये होती. त्यात शीट दोन होत्या. पहिलीत कार्यकारिणी सगळी माहिती भरायची. दुसरी स्थळं बघणाऱ्यांसाठी. तिच्यात नावं वेगळी टाइप केलेली, पण 'अविवाहित' की 'घटस्फोटित' एवढी एक गोष्ट पहिल्या शीटमधून आपोआप यायची. ही जोडणी मंडळाचं काम हौसेने करणाऱ्या एका शाळेतल्या शिक्षिकेने केली होती.

संध्याकाळी कार्यकारिणीतल्याच एका सभासदाचा फोन आला.

"साहेब, अंदर की बात सांगतो, माझं नाव मध्ये आणू नका. त्या मॅडमनी आपल्या भावासाठी ह्याच मुलीला मागणी घातली होती. नकार मिळाला. आता तुम्हीच समजून घ्या."

हेतू तर असा घरबसल्या मिळाला. आमच्या सायबर शाखेच्या शिपायाने दुसऱ्या शीटमधल्या बदलांची नोंद तपासली. त्या ओळीला कोणीच हात लावला नव्हता. दुसरा कोणी यावर निवांत झाला असता. माझा संशय उलट वाढला. कुठेही खूण न ठेवता बदल करायला जाणकार माणूस लागतो, आणि मंडळात जाणकार एकच होती.

शिक्षिकेला बोलावलं. महिला शिपाई शेजारी बसवून जबाब घेतला.

"भावासाठी मागणी घातली होती?"

"हो सर, घातली होती."

इतक्या चटकन कबूल करणारी माणसं मला आवडत नाहीत. घरून तयारी करून आल्यासारखी वाटतात.

"मग राग आला असेल."

"आला ना. पण म्हणून मी असं करेन का? केस लागली तर स्कूलमधून काढून टाकतील मला. घर माझ्याच पगारावर चालतं सर." बोलता बोलता ती रडायला लागली. ठाण्यात रडण्याचे सगळे प्रकार मी पाहिले आहेत, त्यामुळे मी विरघळलो नाही. उद्या मंडळाच्या सचिवांसोबत या, मग गुन्हा नोंदवायचा की नाही ते ठरवू, असं सांगून तिला सोडलं.

दुसऱ्या दिवशी दोघं आली. सचिव म्हणजे संस्थानच्या काळापासून कारकुनी करत आलेल्या घराण्यातले वयस्कर गृहस्थ. मी विचारलं, "यादीत घटस्फोटित मुली किती?"

"एकच आहे."

"दाखवा."

शिक्षिकेने लॅपटॉपवर दुसरी शीट उघडली. ती बाई नेमकी या मुलीच्या वरच्याच ओळीत होती, आणि तिच्यापुढे चक्क 'अविवाहित' लिहिलेलं. म्हणजे शब्द एक ओळ खाली घसरला होता. त्या बाईने तक्रार केली नव्हती, का करील? बाकीच्यांचंही तसंच घसरलं होतं, पण त्या सगळ्या अविवाहितच, म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नाही. पहिल्या नावापुढची जागा तेवढी कोरी होती.

शिक्षिकेने घाईघाईने पहिली शीट उघडली. सगळ्यात वर एक नवी ओळ होती: ॥ श्री ॥

"हे कोणी घातलं?" मी विचारलं.

"मीच," सचिव ताठ बसून म्हणाले. "यादी म्हटली की वर श्री पाहिजेच ना साहेब! आमच्या घरात श्री न लिहिता कागद कधी पुढे गेला नाही. ह्या लोकांनी सीधं नावापासूनच सुरू केलं होतं."

शिक्षिकेने कपाळावर हात मारला. "काका, दुसरी शीट ओळीच्या नंबरावरून वाचते हो! तुम्ही वर ओळ घातली आणि इथली सगळी नावं खाली सरकली, तिथली जागेवरच राहिली."

सचिवांचा चेहरा उतरला. शिक्षिका मात्र हसायला लागली, आणि मला मनापासून बरं वाटलं. फोन करणाऱ्या सभासदाला मी लेखी जबाब द्यायला बोलावलं. तो आजतागायत आलेला नाही.

मुलाकडच्यांनी माफी मागून पुन्हा होकार कळवला. वडील पेढे घेऊन ठाण्यात आले, मुलगीही होती. मी अभिनंदन केलं तशी ती म्हणाली, "सर, मी नाही म्हणून सांगितलंय त्यांना."

वडिलांनाही ते तिथेच कळलं.

"त्यांनी मंडळाला विचारलं, आमच्या कॉलनीत पूछताछ केली. मुलगा रोज माझ्याशी फोनवर बोलायचा सर. त्या दिवसापासून त्याने एकदाही फोन करून विचारलं नाही की हे खरं आहे का."

संशय घेणं हा माझा धंदाच होता, त्याची मला खंत नाही. पण ज्या शिक्षिकेवर संशय होता तिला मी समोर बसवून विचारलं तरी होतं. संशय आला की लोक सगळ्या गावाला विचारतात आणि त्या एका माणसाला तेवढं टाळतात, हे मला त्या मुलीने शिकवलं. तिचं बरोबर होतं, आणि तसं मी तिच्या वडिलांच्या तोंडावर सांगितलं.