नलू आणि ‘आय सी’

नलू गेल्याची बातमी माझ्याकडे जिन्यावरून आली. धाकटे दीर अर्ध्या जिन्यात थांबून म्हणाले, “वहिनी, ती उठत नाहीये...” मी वर गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, “नलू, नाटकं पुरे. चहा टाक.” माझ्या धाकट्या जावेशी माझं शेवटचं बोलणं हे असं. तिनं ते ऐकलं नाही, एवढंच बरं झालं.

कारेलीबागेतल्या या घरात ती वरच्या मजल्यावर, मी खाली. ती लग्न होऊन आली तेव्हा मी बाहेरच्या खोलीत इंग्रजीच्या शिकवण्या घेत असे. त्या वयातली मी म्हणजे काय सांगावं... कडक इस्त्रीची साडी, हातात पट्टी आणि अख्ख्या बडोद्यात इंग्रजी आपल्यालाच येतं असा चेहरा. माझ्या क्लासचा एक नियम होता. धडा समजला, हे प्रत्येकानं इंग्रजीत सांगायचं, तेही शेजारच्याचे शब्द न वापरता. त्याशिवाय चपलांना हात लावायचा नाही. एक म्हणे ‘आय सी’, दुसरा ‘गॉट इट’, तिसरी ‘इट्स क्लिअर नाऊ’, आणि शेवटी उरलेल्या बिचाऱ्याला ‘इट हॅज डॉन्ड ऑन मी’ म्हणावं लागे. समजलं नाही, हे कसं सांगायचं ते मात्र मी कुणाला शिकवलं नाही. माझ्याकडे तशी वेळच येत नाही, असं मी पालकांना ऐटीत सांगत असे. पोरं काडीचं न समजता समजल्याचं सांगून घरी पळत, आणि बाई खूश.

नलू आतल्या स्वयंपाकघरात पापडी सोलता सोलता हे सगळं ऐकायची. तिची शाळा गुजराती, इंग्रजीशी तसा संबंध नाही. पण हे शब्द तिनं उचलले आणि थेट संसाराला जुंपले. सासूबाई ओरडल्या की मान खाली घालून, “पॉइंट टेकन, आई.” मांडवीतला साडीवाला भाव का वाढला ते सांगू लागला की, “आय सी, भाई. मेक्स सेन्स.” तो गडबडून जायचा. दीर ऑफिसातला तोच किस्सा पुन्हा सुरू करत, तेव्हा ती डोळे मोठे करून म्हणे, “इट हॅज डॉन्ड ऑन मी.” मग आम्ही दोघी ओट्याला धरून हसायचो. वर्षानुवर्षं हसलो.

यंदा तिला धाप लागायला लागली म्हणून मी तिला हृदयाच्या डॉक्टरकडे नेलं. तरुण मुलगा, गोड. त्यानं “जुओ मासी,” म्हणून गुजरातीतच सुरुवात केली होती. नलूनं सवयीनं म्हटलं, “आय सी, डॉक्टर.” त्याचा चेहरा खुलला आणि गाडी इंग्रजीवर गेली, ती भरधाव. नलू मधूनमधून म्हणत होती, “गॉट इट... मेक्स सेन्स...” शेवटी तो म्हणाला, “मासी, तमारुं इंग्लिश तो बहु सरस छे.” मी पर्स मांडीवर घेऊन बसले होते. लगेच म्हणाले, “मारी स्टुडन्ट छे.”

रिक्षात मी विचारलं, “काय म्हणाला गं तो?”

“तुम्ही होतात ना, ताई?”

“होते की.”

आणि आम्ही हसलो. वाटेत उतरून सेवउसळही खाल्ली.

पुढच्या आठवड्यात तिच्या पायातली जोडवी रुतायला लागली. मी म्हटलं, सोमवारी तारीख आहेच, तेव्हा दाखवू. सोमवार यायच्या आधीच ती गेली.

दिवसकार्य झाल्यावर तिची मुलगी माधवी मांजलपूरहून पुन्हा आली. आईच्या साड्या घड्या घालत होती. “काकू,” ती म्हणाली, “मी डॉक्टरांना फोन केला होता. पाय सुजले तर थांबू नका, असं त्यांनी सांगितलं होतं म्हणे. आईला समजलं होतं ते?”

‘समजलं असं म्हणाली होती गं,’ हे माझ्या अगदी ओठावर आलं. खोटंही नव्हतं ते. त्यावर माधवी पुढे काही विचारणार नव्हती, आणि माझं म्हातारपण सुखात गेलं असतं. पण तिच्या हातातली साडी तशीच राहिली होती...

“ठाऊक नाही,” मी म्हणाले. “मी डॉक्टरचं ऐकतच नव्हते. तुझी आई इंग्रजी कशी बोलते, ते बघत होते.”

ती घड्या घालत राहिली. सगळ्या साड्या कपाटात ठेवून झाल्यावर म्हणाली, “तुमचं बीपी दाखवायचं राहिलंय ना? मी येते बरोबर.”

गेल्या आठवड्यात गेलो. त्याच डॉक्टरकडे. त्यानं मला ओळखलं आणि सरळ इंग्रजीत सुरुवात केली. मी म्हटलं, “गुजरातीमां कहो. मने समजायुं नथी.” असं म्हणायला मला सत्तरी ओलांडावी लागली. माधवी समोरच्या भिंतीकडे बघत होती. माझ्या बीपीचं त्याचं सांगून झाल्यावर मी त्याला म्हटलं, नलूला जे सांगितलं होतं तेही सांगा. तो म्हणाला, “पगे सोजो आवे, सूतां श्वास चडे, तो राह नहीं जोवानी. ते ज दिवसे आवी जवानुं.”

पाय सुजले, आडवं झाल्यावर धाप लागली, तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी यायचं. एवढंच होतं. नलूला एका दमात कळलं असतं.