चारशे बारा नंबरच्या शीटची मुळं

माझ्या नाकावर राग असतो, हे मला माहेरी, सासरी आणि ऑफिसात सगळ्यांनी सांगून झालंय. वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात अठ्ठावीस वर्षं काढली, पण तोंड काही आटोक्यात आलं नाही. त्या तोंडापायी एक फूल बिननावाचं राहिलं आणि त्याचं खापर एका भल्या माणसाच्या डोक्यावर फुटलं. तो माणूस म्हणजे आमचे टाकेकाका.

काका मूळचे शिंपी. दुकान बंद पडलं म्हणून आमच्याकडे लागले. आम्ही रानातून आणलेली, रद्दी पेपरात दाबून वाळवलेली झाडं जाड पांढऱ्या कागदावर सुईदोऱ्याने टाचायची, एवढंच त्यांचं काम. अशा कागदाला आम्ही शीट म्हणतो. त्यांच्या चष्म्याची एक काडीसुद्धा दोऱ्यानेच बांधलेली. पहिल्याच दिवशी एका वेलीला वरून खालपर्यंत न्याहाळून त्यांनी विचारलं, "बाई, हिचं माप घेऊ का?" टायपिस्ट खो खो हसली. मी नाही हसले. हसायला काय जात होतं माझं?

माझा विषय कंदीलपुष्पं. नाजूक वेली, गवतात डोळे फुटेपर्यंत शोधाव्या लागतात. फूल म्हणजे एक उभी नळी, बुडाशी फुगलेली. वरच्या पाच पाकळ्या टोकाला एकमेकींना चिकटून इवलासा पिंजरा झालेला. वासाला भुलून चिलटं आत शिरतात. नळीतले केस खाली वळलेले, त्यामुळे परत वर येता येत नाही. दोन दिवसांनी केस सुकले की मग सुटका, तीही अंगाला पराग चिकटवून. जाती ओळखायच्या त्या पाकळ्यांवरून, नळीच्या तळाशी असतो त्या मुकुटावरून आणि मुळांवरून. कुणाला मातीत चपटा गोल कंद असतो, कुणाला बोटांसारख्या जाड मुळांचा झुबका. वर बघावं तर सख्ख्या बहिणी, आणि खाली ओळखदेखही नाही, असं पुष्कळदा होतं.

पण कंद शीटवर बसत नाही. गठ्ठा तिरका होतो, बुरशी धरते, किडे लागतात. एका दुपारी कपाटाचं दार बंद होईना आणि माझं डोकं फिरलं. "काका, ही गाठोडी कशाला शिवत बसता? कापा आणि टाका!"

काकांची सुई हातातच थांबली. "पण बाई, झाड मुळासकटच पाहिजे ना?"

"तुम्ही शिवा हो काका. झाडांचं मी बघते."

मला म्हणायचं होतं, ज्या जातींचे कंद आधीच दहा शीटवर आहेत त्यांचे कापा. पण तसं मी म्हणाले का? नाही. काकांनी सगळ्यांचे कापले.

चारशे बारा नंबरचं झाड मी स्वतः एका डोंगरउतारावरून खणून आणलं होतं. हात चिखलात बरबटलेले, म्हणून वहीत नुसतं लिहिलं, 'मुळं शीटवर पाहावीत.' शीट कपाटात गेली. पुढे दोन वर्षांनी सवड काढून बघितली, तर आतला मुकुट कुठल्याच माहीत असलेल्या जातीशी जुळेना. नवी जात! मी हुरळून गेले, वर्णन लिहून शोधपत्रिकेकडे पाठवलं. तिथल्या तपासणाऱ्याचं पत्र आलं, त्यात एकच प्रश्न. जमिनीखाली काय आहे? कंद असेल तर ही जुन्याच जातीतली एक तऱ्हा, झुबका असेल तर नवी जात, खुशाल नाव द्या.

खणताना काय दिसलं होतं ते आता आठवेना. शीट उघडली. देठ तळाशी सरळ कापलेला, अगदी बाहीसारखा, आणि कडेला एक सुरेख टाका. उताराकडे धावले तर रस्ता रुंद करायला तो अख्खा खरवडून काढलेला. पुढे तीन मोसम आसपासची रानं पालथी घातली. काही नाही.

शीट उघडली त्याच दिवशी मी ती घेऊन तडक काकांच्या टेबलाशी गेले होते. टायपिस्ट आणि दोन विद्यार्थिनी तिथेच होत्या. "कुणी सांगितलं होतं कापायला? शिंप्याच्या हातात झाडं दिली की हेच होणार!"

सुई टोचू नये म्हणून घातलेलं टोपण काकांनी बोटातून काढून टेबलावर ठेवलं. "चुकलं बाई," एवढंच म्हणाले.

कापायला मीच सांगितलं होतं, हे मला त्याच संध्याकाळी आठवलं. तरी सकाळी गेले नाही. दोन दिवसांनी काकाच दाराशी आले, "बाई, जरा बोलायचं होतं." मी मान वर न करता म्हणाले, "नंतर." महिनाअखेर ते निवृत्त झाले. निरोपाच्या चहालासुद्धा मी मुद्दाम उशिरा गेले, कप रिकामे झाल्यावर.

त्या उन्हाळ्यात औषध फवारायचं होतं. शिपायाने विचारलं, "बाई, तुमच्या कपाटावर एक जुना पत्र्याचा डबा आहे, आत कागदाच्या पुड्याच पुड्या आहेत. काय करू?" मी कसलासा अहवाल लिहीत होते. "टाक फेकून," म्हणाले.

गेल्या वर्षी काका गेल्याचं कळलं, तेव्हा भेटायला गेले. एक खोली, खिडकीशी शिलाईचं मशीन, त्यावर चादर. काकूंनी चहा दिला. "आमच्या बाई तापट आहेत, पण मनात काही नसतं, असं म्हणायचे हे." मग सहज विचारलं, "तो डबा मिळाला ना तुम्हाला?"

"कसला डबा?"

"मुळांचा. शिंप्याची सवय हो, कापलेला तुकडा टाकायचा नाही, गिऱ्हाईक कधी मागायला येईल सांगता येत नाही. प्रत्येकाची वेगळी पुडी, वर नंबर. म्हणाले, सगळ्यांसमोर दिला तर बाईंची चूक उघडी पडेल. गुपचूप कपाटावर ठेवतो, दिसेल त्यांना."

मी कप खाली ठेवला. चारशे बारासुद्धा असणार. असणारच.

"मिळाला," मी म्हणाले.

"मग त्या फुलाला नाव मिळालं?"

"मिळालं काकू. काकांचंच दिलं."

काय त्या बाईचा चेहरा फुलला! लगेच नातीला हाक मारली. म्हणाल्या, एका कागदावर लिहून द्या ना. मी दिलं लिहून. स्वच्छ अक्षरात, खाली सहीसकट. देवा, केवढी लबाड मी!

परवा काकूंचा निरोप आला, नातीला आजोबांचं फूल बघायचंय, कधी येऊ? शीट काढून टेबलावर ठेवली आहे. लेबलवर जातीच्या नावाची जागा मोकळीच आहे. दोघींना सोमवारी सकाळी या म्हणून कळवलंय. टायपिस्टलाही बोलावलंय. मी ओरडले तेव्हा ती समोर होती.